बायकोच्या नावाची गोळी

शर्मिला पालशेतकरला सोळा वर्षं मधुमेह होता, आणि त्यातली पंधरा वर्षं तो तिला नव्हताच. आता हे ऐकून कुणी म्हणेल, ही काय भानगड! तर भानगडच होती. पण करंजवेळ गावात ती इतकी बिनबोभाट चालली होती की खुद्द शर्मिलालाही तिची सवय होऊन गेली होती. २०४५ सालच्या जानेवारीत, एका सकाळी ती अंगणात खारवून सुकत घातलेल्या बांगड्यांवरून कावळे हाकत असताना फोनवर निरोप आला.

‘श्रीमती शर्मिला नंदकुमार पालशेतकर, आपण मधुरोध ही गोळी सोळा वर्षं नियमित घेत आहात. बारा वर्षांहून अधिक काळ ही गोळी घेणाऱ्या सर्वांची जठराच्या कर्करोगासाठी तपासणी करायची आहे. घाबरू नये. गोळी मनाने बंद करू नये. बुधवारी सकाळी आरोग्य केंद्रात यावे.’

घाबरू नये असं लिहिलेलं वाचलं की माणूस हमखास घाबरतो. शर्मिला पायरीवर मटकन बसली. कावळ्यांनी दोन बांगडे लांबवले, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिला स्वतःची काळजी नव्हती. त्या सगळ्या गोळ्या गेल्या होत्या तिच्या नवऱ्याच्या पोटात.

नंदकुमार पालशेतकर म्हणजे खाडीवरच्या फेरीबोटीचा तांडेल. करंजवेळ ते पलीकडचं साखरपाट, दिवसातून सोळा फेऱ्या, आणि सुकाणू त्याच्या हातात. त्याचा बाप याच खाडीत होडी वल्हवायचा. पाणी कुठे उथळ, ओहोटीत वाळूचा बांध कुठे सरकतो, हे नंदूला डोळे मिटून सांगता येई. सोळा वर्षांपूर्वी गावात शिबिर झालं तेव्हा शर्मिलाची साखर काठावर निघाली. तिला मधुरोध सुरू झाली. घरी आणलेल्या यंत्रावर नंदूनेही गंमत म्हणून बोट टोचून पाहिलं, तर आकडा तीनशेच्या वर! त्या काळी फेरी कंपनीचा नियम कडक होता. साखर असलेल्या माणसाला सुकाणू नाही. कंपनी दरवर्षी डोळे, कान आणि रक्तदाब तपासायची, साखरेसाठी मात्र नुसती सरकारी नोंद बघायची. नोंदीत नाव नाही म्हणजे माणसाला साखर नाही, विषय संपला.

वर्षभरात शर्मिलाने चालून, भात कमी करून आपली साखर जाग्यावर आणली. तिला गोळीची गरज उरली नाही. पण गोळ्या तिच्या नावाने येतच राहिल्या आणि तेव्हापासून त्या नंदू खाऊ लागला. नंदूची साखर वाढली आणि जास्त ताकदीची गोळी हवी झाली, तेव्हा ही बाई सकाळी वाटीभर शिरा खाऊन, ओठ पुसून, ‘उपाशीपोटी आहे’ असं सांगून केंद्रात बोट पुढे करायची. आकडा वर, गोळी मोठी. नोंदीप्रमाणे तिचा एकही दिवस चुकला नव्हता. तीन वर्षांपूर्वी केंद्राने तिला ‘आदर्श मधुमेही’ म्हणून शाल आणि नारळ दिला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा नंदू मागच्या रांगेत पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण तीन महिन्यांपासून नंदूचं जेवण तुटलं होतं. दोन्ही वेळेला खारा मासा लागणारा माणूस, हल्ली चार घास खाऊन ताट सरकवायचा. पट्ट्याला त्याने खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. विचारलं की म्हणायचा, उन्हाळा येतोय. जानेवारीत कसला उन्हाळा?

दुपारी तो जेवायला आला तेव्हा तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं आणि भाताचा घास तसाच हातात राहिला.

“मग जा की बुधवारी,” तो म्हणाला.

“मी जाऊन काय करू? गोळ्या मी खाल्ल्या?”

“हळू बोल गो, खिडकी उघडी हाय. नाव तुझं आलंय, तू जा. नळीत फुंकर मारायला सांगतात म्हणे. मार आणि ये. तुझं चांगलं निघालं म्हणजे झालं.”

“अहो, माझं चांगलंच निघणार! पोट तुमचं आणि फुंकर माझी, हा कुठला न्याय?”

“निवृत्तीला दोन वर्षं राह्यलीत, शर्मिला. आता जर कळलं तर मला खाली उतरवतील. सोळा वर्षं खोटं बोलला म्हणून धक्क्यावर नाव होईल ते वेगळंच.” त्याने ताट सरकवलं. “मला सुकाणवाशिवाय काय येतं, सांग बघू?”

त्याच्या आवाजातली भीती तिला कळली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, पण हा माणूस असा घाबरलेला तिने पाहिला नव्हता. तिला त्याचा रागही आला आणि पोटातून कळवळाही आला. ती म्हणाली, “बरं, मी जाते. पण डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.”

“सोळा वर्षं बोललीस ना?”

“तेव्हा तुम्ही जेवत होतात,” शर्मिला म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

बुधवारी केंद्रात तिचा नंबर दुसरा होता. डॉक्टर सानिया मुकादम ही साखरपाटचीच मुलगी. लहानपणी नंदूच्याच फेरीतून शाळेला जायची आणि केबिनच्या दारात उभं राहून ‘तांडेलकाका, भोंगा वाजवा ना’ म्हणून भुणभुण लावायची. आता ती समोर बसून समजावून सांगत होती, आणि शर्मिला एकेक शब्द कानात साठवत होती.

“काकी, या गोळीची पट्टी साधी नसते. प्रत्येक खणावर केसाएवढी बारीक तार असते. गोळी काढली की ती तार तुटते आणि कुणी, कधी गोळी काढली ते आपोआप नोंदवलं जातं. अशी सोळा वर्षांची नोंद, चार कोटी माणसांची. तिच्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली चांगली. बहुतेक लोकांच्या जठराचं या गोळीने भलंच केलंय, त्यांच्यात कर्करोग कमी आढळला. दुसरी जरा काळजीची. काहींच्या जठरात वर्षानुवर्षं एक वाकडा जंतू बसलेला असतो. दुखत नाही, खुपत नाही, कळत नाही. त्यात जेवणात मीठ फार. खारवलेले मासे, लोणची. अशा माणसाच्या पोटात ही गोळी बारा वर्षं पडली की जठराचं अस्तर हळूहळू बदलायला लागतं. साठातल्या एकाला त्यातून गाठ होते.”

“मग?” शर्मिलाने विचारलं.

“मग काही नाही. वेळेत दिसलं तर तो तिळाएवढा डाग असतो. तोंडातून नळी घालून खरवडून काढता येतो. पोट फाडायला नको. उशीर झाला तर मात्र अवघड असतं. म्हणून तर सगळ्यांना बोलावतोय. घ्या, हे आंबट पाणी प्या आणि वीस मिनिटांनी नळीत फुंका.”

तिने फुंकलं. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच.

“जंतू नाही, हे छान झालं. पण काकी, गोळीही नाही.”

“म्हणजे?”

“ही गोळी रोज घेणाऱ्याच्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर पोसतात आणि एक वायू सोडतात. तो श्वासात उतरतो. तुमच्या श्वासात त्याचा मागमूस नाही.” तिने खुर्ची पुढे ओढली. “खरं सांगा. गोळी काढता आणि फेकून देता ना? आणि आम्ही वेड्यासारखे तुम्हाला शाल-नारळ दिले! काकी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हो.”

शर्मिलाने मान खाली घातली. ओरडा खाऊन सुटका होत असेल तर तिला चालण्यासारखं होतं. पण डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, “आता मला हे वर कळवावं लागेल. जो माणूस गोळी घेत नाही त्याची पट्टी बंद करायची, असा आदेश आहे. पुढच्या आठवड्यापासून तुमच्या नावाने काही येणार नाही.”

हे मात्र शर्मिलाच्या मनात आलं नव्हतं. पट्टी बंद म्हणजे नंदूची गोळी बंद. गोळी बंद म्हणजे साखर पुन्हा तीनशेवर, आणि सुकाणवावर असताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येईल याचा नेम नाही. गोळी बंद झाली नाही तरी त्या पोटात काय शिजत होतं ते कोण बघणार? गप्प बसण्याचा एकही रस्ता बरा नव्हता. तिने पदराने तोंड पुसलं.

“डॉक्टर, एकही गोळी फेकली नाही. सगळ्या पोटातच गेल्या. माझ्या नाही, तांडेलांच्या.”

सानियाने पडद्यावर तिची जुनी नोंद उघडली. “सोळा वर्षं?”

“पंधरा. पहिलं वर्ष माझं होतं.”

“आणि आदर्श मधुमेहीचा नारळ?”

“तो त्यांनीच फोडला. त्याची सोलकढी केली.”

डॉक्टरबाईंना हसू फुटलं, पण ते त्यांनी आवरलं. “पण का, काकी?”

“कंपनीचा नियम. साखर असली तर सुकाणू नाही.”

“तो नियम?” सानियाने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, तो नियम सहा वर्षांपूर्वी गेला! साखर ताब्यात असली आणि सहा महिन्यांनी डॉक्टरचा दाखला दिला की सुकाणू धरता येतं. या खाडीवरच्या चौघांना मी स्वतः दाखले देते. तिकीटघराच्या भिंतीवर कागद लावलाय एवढा मोठा!”

शर्मिलाला आधी हसावं की रडावं ते कळेना. धक्क्यावर कुणी साखरेचा विषय काढला की नंदू उठून चालू लागायचा. संशय नको म्हणून या बाबतीत ना त्याने कधी कुणाला विचारलं, ना तिने. तिकीटघराच्या त्या भिंतीकडे तो बघायचाच नाही. आणि तिचा संताप उसळला. “सहा वर्षं! डॉक्टर, मी माझ्या लेकीच्या लग्नात जिलबीचा तुकडा तोंडात घातला नाही हो! विहिणींनी आग्रह केला, तर ही बया म्हणते, नको, मला साखर हाय!”

“जिलबीचं नंतर बघू,” डॉक्टरबाई एकदम गंभीर झाल्या. “काकांचं जेवण कसं आहे?”

“तीन महिने तुटलंय.”

“आणि वजन?”

“पट्ट्याला नवीन भोक पाडलंय.”

सानियाने पेन खाली ठेवलं. “उद्या सकाळी घेऊन या. उद्या म्हणजे उद्याच.”

केंद्रातून शर्मिला घरी गेली नाही, तडक धक्क्यावर गेली. घरी सांगितलं असतं तर नंदू चप्पल पायात घालून बाहेर पडला असता आणि दिवे लागेपर्यंत परतला नसता. तिने एकच्या फेरीचं तिकीट काढलं, बोट मधोमध जाईपर्यंत शहाण्यासारखी बाकावर बसली आणि मग लोखंडी जिना चढून केबिनमध्ये शिरली. इथून पळून जायला जागा नव्हती. चारी बाजूंनी पाणी आणि सुकाणू त्याच्याच हातात.

“तू इथे काय करतेस?” नंदू दचकला. “पाशिंजराला वर येऊ देत नाहीत.”

“मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“सगळं. शिऱ्यापासून नारळापर्यंत.”

त्याचा चेहरा उतरला. सुकाणवावरची बोटं पांढरी पडली. “संपवलंस गो मला तू.”

“कुणी संपवलं नाही. तो नियम सहा वर्षांपूर्वीच गेला. साखर असलेले चार तांडेल याच खाडीत उघडपणे बोटी हाकतात. तुमच्या तिकीटघराच्या भिंतीवर कागद आहे, रोज त्याच्यासमोरून जाता आणि मान वळवता. तुम्ही चोरून गोळी खात होतात आणि चोरी धरायला कुणी बसलंच नव्हतं.”

समोर वाळूचा बांध आला, नंदूने बोट डावीकडे घेतली, पुन्हा सरळ केली. शर्मिला त्याच्या शेजारी उभी राहिली. तिला एकदम भरून आलं.

“तुमच्या पोटाची भीती वाटते मला,” ती म्हणाली. “नोकरीचं सोडा हो. तुमचं काही झालं तर मी कुणाला ओरडू?”

साखरपाटचा धक्का आला. नंदूने इतक्या अलगद बोट लावली की धक्क्याला बांधलेला टायरसुद्धा वाजला नाही. माणसं उतरायला लागली तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, “पंधरा दिवस झाले, साधी पेजसुद्धा आंबट वर येते. तुला सांगितलं नाही. किती वाजता जायचंय उद्या?”

दुसऱ्या दिवशी नंदूने फुंकर मारली आणि पडद्यावरच्या दोन्ही रेघा उभ्याच्या उभ्या चढल्या. वाकडा जंतू होता, चांगला मुरलेला. गोळीचा वायूही होता. चण्याएवढा कॅमेरा पाण्याबरोबर गिळायला दिला, तो पोटात फिरवून डॉक्टरबाई पडद्यावर चित्रं बघत होत्या. जठराच्या खालच्या टोकाला त्या थांबल्या. तिथे तांबूस, खडबडीत असा एक डाग होता, तिळापेक्षा जरा मोठा. “हाच,” त्या म्हणाल्या. शर्मिलाने नंदूचा हात इतका घट्ट दाबला की तोच म्हणाला, “अगो, हात मोडशील.”

चार दिवसांनी जिल्ह्याच्या गावी मोठ्या इस्पितळात तोंडातून नळी घालून तो डाग काढला. चाळीस मिनिटं लागली. काढलेला तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवस थांबा म्हणाले. तुकड्याचा काठ स्वच्छ निघाला तर माणूस सुटला. काठावर रोग सापडला तर पोट उघडायचं.

ते आठ दिवस दोघांनाही कसे गेले ते विचारू नका. नंदू ओटीवर बसून खाडीकडे बघायचा. त्याच्या जागी आलेला बदली तांडेल बोट वाकडी लावायचा, आणि नंदू तिथूनच ‘अरे, मागे घे, मागे घे’ असं पुटपुटायचा. घरात खारा मासा बंद झाला होता. मऊ भात आणि ताजी तांबोशी. पाचव्या दिवशी तो जेवता जेवता थांबला.

“शर्मिला, लेकीच्या लग्नातली जिलबी तुझी माझ्यामुळे गेली.”

“जाऊ द्या हो.”

“कशी जाऊ दे? मी भित्रा निघालो. माझा आजार तुला नेसवला आणि मी मोकळा फिरलो.” त्याचे डोळे भरून आले. शर्मिलाने त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तिने उठून त्याच्या ताटात आणखी भात वाढला, कारण त्या दिवशी त्याने पहिला वाढलेला भात संपवला होता.

नवव्या दिवशी फोन आला. सानियाच बोलत होती आणि तिचा आवाज ऐकूनच शर्मिलाला अर्धं कळलं. “काकी, काठ स्वच्छ! खोलवर काही नाही. जंतूसाठी चौदा दिवस औषध, आणि दरवर्षी एकदा कॅमेरा गिळायचा. मधुरोध बंद, साखरेसाठी दुसरी गोळी देते. काका सुटले!” शर्मिलाने फोन तसाच उघडा टाकून नंदूच्या गळ्यात हात घातले, भर दुपारी, ओटीवर, रस्त्याने माणसं जात असताना. बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

दाखला देताना डॉक्टरबाईंनी नंदूला एक काम सांगितलं. “काका, पंधरा वर्षांची नोंद मी आता तुमच्या नावावर फिरवते. पण दुसऱ्याच्या नावाची गोळी खाणारे तुम्ही एकटेच नसणार. कुणी बापाच्या नावाची खातो, कुणी सासूच्या. त्यांना आमचा निरोप जाणारच नाही. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील.”

सोमवारी सकाळी नंदू पुन्हा सुकाणवावर उभा राहिला. पहिली फेरी गच्च भरली होती. कोळणींच्या टोपल्या, मोटारसायकली, दोन शिक्षक, कॉलेजची मुलं. शर्मिला मुद्दाम आली होती, केबिनच्या जिन्यावर उभी होती. नंदूने कर्ण्याचा माइक हातात घेतला. तो माइक रोज ‘गाड्या आत घ्या’ एवढंच बोलायचा.

“मंडळी,” तो म्हणाला आणि खाकरला. “मी नंदकुमार पालशेतकर. मला सोळा वर्षं साखर आहे. मी बायकोच्या नावाच्या गोळ्या खाल्ल्या आणि तुमच्यापासून लपवलं. त्यापायी पोटातलं दुखणं वेळेवर कळलं नसतं. इथे कुणी असा दुसऱ्याच्या नावाने गोळी खात असेल तर त्याने केंद्रात जाऊन नळीत फुंकून यावं. डॉक्टरीणबाई ओरडत नाहीत.” थोडं थांबून त्याने भर घातली, “थोडं ओरडतात.”

नंदूने डोळे मिटून घेतले. आता कोण काय बोलेल, या भीतीत त्याने सोळा वर्षं काढली होती.

खालून म्हाताऱ्या चंपाकाकूचा खणखणीत आवाज आला. सत्तरीची कोळीण, टोपलीवर बसलेली. “अरे मेल्या, ते आमाला पहिल्यापास्नं ठावं हाय! बाराच्या फेरीला गोळी गिळतोस ती काय आमाला दिसत नाय? पोटाचं काय झालं ते सांग!”

“ते सांग आधी!” आणखी दोघं-तिघं ओरडले.

नंदूने माइक शर्मिलाकडे धरला. शर्मिलाने जिन्याच्या दोन पायऱ्या चढून तो त्याच्या हातातून घेतला.

“बरं आहे!” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पाण्यावरून साखरपाटपर्यंत गेला. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, काही राहिलेलं नाही. माणूस बरा आहे!”

“मग उभा काय ऱ्हायलास?” चंपाकाकू म्हणाली. “सोड की बोट! माझी मासळी उन्हात चाललीय.”

नंदूने बाहीने डोळे पुसले आणि बोट सोडली.